पद्मिनीखालचे टेकू

गाडीच्या तळाखालच्या डाव्या चॅनलमध्ये, म्हणजे भार वाहणाऱ्या लांब पोकळ पट्टीमध्ये, पेचकस मुठीपर्यंत आत गेला, तेव्हाच कळलं की हे नुसत्या पत्राकामाने निभावणार नाही. वर अंडरकोटिंगचा काळा जाड थर, त्याखाली कधीतरी डकवलेला नवा पत्रा, आणि त्या पत्र्याच्या पोटात मूळ चॅनलचा भुगा. पेचकस बाहेर ओढला तसा तो भुगा चहापत्तीसारखा माझ्या छातीवर सांडला. मी गाडीखाली उताणा होतो. तसाच काही वेळ पडून राहिलो.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. बापूंनी ती कपाशीच्या एका चांगल्या वर्षी घेतली होती. आक्काची पाठवणी याच गाडीतून झाली, मला कॉलेजला धुळ्याला सोडायला बापू याच गाडीतून आले. पुढे ती उभी राहिली ती अकरा वर्षं, खताच्या गोदामात. आपल्याकडे खान्देशात हवा कोरडी, त्यामुळे लोखंडाला गंज लागत नाही अशी माझी समजूत होती. पण ज्या कोपऱ्यात गाडी होती तिथेच पोटॅशच्या फाटक्या गोण्या रचलेल्या. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडच, मिठाचा भाऊ. पावसाळ्यात ते पाणी धरतं, फरशीवर पसरतं आणि पत्र्याच्या सांध्यांत शिरतं. समुद्रकाठच्या गाडीचे जे हाल होतात तेच आमच्या गाडीचे अमळनेरला बसल्या जागी झाले.

आणि गोदामात जाण्याआधी एका गॅरेजने तिचं 'चेसिसकाम' करून पैसे घेतले होते. सडका भाग कापून काढायचा सोडून त्यावर पत्रा झाकला आणि वरून डांबरासारखं अंडरकोटिंग फासलं. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकली आणि आतल्या आत खात राहिली. याचा राग मला आजही येतो, कारण त्या वेळी खरं सांगितलं असतं तर काम वीतभरच होतं.

माझं वर्कशॉप ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं. वखर, पाभर, कल्टीव्हेटरची दुरुस्तीही करतो. वेल्डिंग रोजचं आहे. त्यामुळे बघणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, ट्रॉलीचा चॅनल घाल खाली, गाडी नातवाला पुरेल. पण ट्रॉलीची चेसिस वेगळी आणि वरचा हौद वेगळा असतो. हौद काढला तरी चेसिस चार चाकांवर उभी राहते. पद्मिनीला तशी वेगळी चेसिस नाही. खालचा तळपत्रा, त्याला टोपीच्या आकारात वळवून स्पॉट (ठिपक्यांसारखे वेल्ड) मारलेले दोन लांब चॅनल, दाराखालचे उंबरे, खांब आणि छत, हे सगळं मिळून एकच पेटी आहे. वजन सगळे मिळून वाहतात. त्यातला एक चॅनल कापला की पेटीचा तोल उरलेल्यांवर जातो आणि पेटी हळूच मुरगळते. मुरगळलेल्या अवस्थेत नवा चॅनल वेल्ड केला तर ती मुरगळ कायमची. मग दारं लागत नाहीत, काच तडकते, गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढते. जाड चॅनल घालायलाही माझा विरोध होता. शाबूत भागावरची रंगपुटी खरवडून व्हर्नियर लावला तर पत्रा साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटर भरला. त्याच्या शेजारी पाच मिलिमीटरचं लोखंड जोडलं तर जाड भाग लवत नाही, सगळा हिसका सांध्याजवळच्या पातळ पत्र्यावर येतो आणि तिथून तो फाटतो. ट्रॉलीच्या दुरुस्तीत हे मी शंभरदा पाहिलं आहे.

म्हणून धुळ्याहून आबांना आणलं. आबा माझे सख्खे कोणी नव्हेत, पण मुंबई-आग्रा रस्त्याला चाळीस वर्षं डेंटिंग केलेला माणूस. फियाट, अँबेसिडर, जीप, सगळ्यांची पोटं पाहिलेला. आल्या आल्या त्यांनी सडलेली जागा बघितलीच नाही. चारी दारं एकेक करून उघडली आणि लावली. डावं पुढचं दार दोनदा लावलं. मग मला म्हणाले, "भाऊ, आठे हात लावाना पहिले दार काय म्हनस ते देख."

त्यानंतरचे चाळीस दिवस मी दारंच बघत होतो.

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली आणि काम सुरू केलं. इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवले, रेडिएटर, बाकं, पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी, बॅटरी, सगळं बाहेर. टाकी तर वेल्डिंग मशीनचा प्लग लावण्याआधीच दुसऱ्या खोलीत गेली. कारखान्यामागे कपाशीच्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या, त्याही हलवल्या. दारं मात्र ठेवली. चेसिस नंबर ठोकलेली जागा कापायच्या पट्ट्यात येत नाही याची खात्री केली आणि फोटो काढून ठेवले. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचं असतं, तिथे नंबरला धक्का लागलेला चालत नाही.

गंज कुठे होता हे आता नीट दिसलं. इंजिनखालचा पुढचा भाग अगदी धडधाकट, कारण वर्षानुवर्षं गळणाऱ्या तेलाने त्याला लेप दिला होता. पायपत्र्यापासून मागच्या पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पुढच्या कडीपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा मीटर, दोन्ही बाजूंना चॅनल गेलेला. उंबरे वाचले होते. उंबरेही गेले असते तर हे काम मी हाती घेतलं नसतं.

मग मापं. मापं घेण्यात आमचे चार दिवस गेले आणि ते कमीच होते असं आज वाटतं. गाडीच्या तळाला मूळ कंपनीतूनच आलेली काही भोकं असतात, शिवाय पाट्याच्या कडीचे बोल्ट. त्या प्रत्येक जागेवरून गवंड्याचा ओळंबा सोडला, खाली फरशीवर गेरूने खूण केली. डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंत एक कर्ण, उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत दुसरा. दोन्हींत फरक आला २ मिलिमीटर. आबा म्हणाले, एवढा तर नवी असतानाही असेल. चारी कोपऱ्यांची उंची लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने घेतली. दारांच्या फटींसाठी मी ड्रिलचे दांडे वापरले. डाव्या पुढच्या दाराच्या मागच्या कडेला वर, मध्ये आणि खाली ५ मिलिमीटरचा दांडा अलगद सरकायचा. हे सगळं पत्र्याच्या भिंतीवर खडूने लिहिलं.

एक गोष्ट तिथे शिकलो. दुपारी घेतलेलं माप सकाळच्या मापाशी जुळेना. मे महिना, बाहेर ४३-४४ अंश, शेडच्या पश्चिमेकडून ऊन थेट गाडीच्या एका कुशीवर. लोखंड मीटरला एका अंशामागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर. एक कूस दुसरीपेक्षा पंचवीस अंशांनी तापली तर पाऊण मिलिमीटरचा फरक नुसत्या उन्हाने पडतो. तेव्हापासून माप फक्त पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत.

आता टेकू. पेटीला आतून धरायचं आणि बाहेरून उचलायचं, अशी दोन कामं असतात. आतून धरण्यासाठी लोक दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करतात. मला ते पटत नव्हतं, कारण वेल्ड केलेला पाइप जिथे आहे तिथेच धरतो, चूक झाली तर त्याला हलवता येत नाही. भंगारात ट्रॅक्टरच्या टॉप लिंक पडल्या होत्या. नांगराचा पुढे-मागे झुकाव ठरवायला जी वरची दांडी असते ती. तिच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. मधली नळी फिरवली की दांडी लांब किंवा आखूड होते. चार लिंकांना पाइपचे तुकडे जोडून दाराच्या मापाच्या केल्या आणि खांबांच्या आतल्या अंगाला पट्ट्या टाकून त्यावर बसवल्या. आतल्या अंगाला अशासाठी, की टेकू लागलेला असतानाही दार लावून बघता आलं पाहिजे. डाव्या-उजव्या मधल्या खांबांमध्ये एक आडवा पाइप, आणि एक तिरका. आबांनी नळी फिरवून पाहिली, दाराची फट केसाएवढी हलली, आणि त्यांनी काहीही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाहेरून उचलण्यात नियम एकच, जो भाग कापायचा त्याला टेकू द्यायचा नाही आणि गाडी चाकांवर असताना जिथे भार घेते त्याच्या जवळपासच तो द्यायचा. नुसती मधोमध उचलली तर नाक आणि शेपूट दोन्ही लोंबतात, दाराची वरची फट उघडते, खालची आवळते. नुसती टोकांना उचलली तर उलटं, पोट खाली येतं आणि दार वरच्या कोपऱ्यात अडतं. आम्ही पुढच्या आडव्या बीमखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्या, मागे पाट्याच्या कड्यांजवळ दोन. उंबऱ्यांखाली दोन्ही बाजूंना सबंध लांबीचा चॅनल आणि त्यावर बाभळीचे ठोकळे. उंबऱ्याच्या तळाला पत्र्याची जी उभी शिवण असते तिच्यासाठी प्रत्येक ठोकळ्यात करवतीने खाच पाडली, म्हणजे भार शिवणीवर न येता दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर येतो. कोणता टेकू खरंच भार घेतोय हे बघायला पावतीच्या कागदाची पट्टी मध्ये सरकवायची आणि ओढायची. सुटली तर टेकू नुसता शोभेचा.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणी शिरायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. जॅक उचलायला, घोडी धरायला.

इथे माझी चूक झाली. कारखान्याच्या आत पक्का कोबा आहे, पण तिथे एका ट्रॉलीची ऑर्डर चालू होती. गाडी बाजूच्या शेडमध्ये घेतली. तिथे शहाबादी फरशी, फरशीखाली थोडा मुरूम, आणि त्याखाली आपली काळी माती. मे महिन्यात ती माती दगडासारखी असते. भेगा एवढ्या रुंद, की त्यांत हात जातो. मला फरशी घट्ट वाटली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला.

मेच्या शेवटी डावा चॅनल काढला. स्पॉटच्या खुणा शोधून ८ मिलिमीटरच्या ड्रिलने एकेक सोडवला, घाईने ग्राइंडर फिरवला नाही. दोन्ही चॅनल एका वेळी काढायचे नाहीत हे ठरलेलंच. नवा चॅनल सोळा गेजच्या, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरच्या, सी.आर. (थंड लाटलेल्या) पत्र्यातून बेंडिंग करून आणला, मूळ आकाराबरहुकूम. चॅनल निघाला तेव्हा दाराची फट जराही हलली नव्हती. पुढे जूनचा पहिला आठवडा जुन्या-नव्याची टोकं जुळवण्यात गेला. ९ जूनच्या संध्याकाळी पुढच्या टोकाला वेल्डचे चार टाके मारले आणि घरी गेलो.

त्या रात्री मृगाचा पाऊस आला. विजा, वारा, आणि तासभर नुसता कोसळला. पहाटे माझा पुतण्या आधी पोचला होता. फाटकातच त्याने सांगितलं, "काका, गाडी हालनी."

डाव्या पुढच्या दाराच्या फटीत वर साडेसहाचा दांडा जात होता. खाली चाराचा जात नव्हता. पन्हाळीचं पाणी डाव्या पुढच्या कोपऱ्याशी साचलं होतं, भेगांतून थेट खाली उतरलं होतं, आणि फरशी एका अंगाला कलली होती. लेव्हल पाइपने पाहिलं, तो कोपरा ४ मिलिमीटर खाली. चार मिलिमीटर म्हणजे दोन नाण्यांची जाडी. पण खालचा चॅनल नसलेल्या गाडीला तेवढे पुरतात.

माझ्या हातात जॅक होता. कोपरा उचलून जागेवर आणावा, असं मनात आलं. आबांना फोन लावला. ते म्हणाले, "काहीच करानं नई. हात नको लावू. मी येस."

ते बसने पोचेपर्यंत तीन तास मी गाडीशेजारी बसून होतो. आल्यावर त्यांनी आधी ते चार टाके ग्राइंडरने उडवायला लावले. म्हणाले, टाका आहे तोवर गाडी वाकड्यालाच सरळ समजेल. टाके सुटले तसा चॅनलचा पुढचा तुकडा टिचकन आवाज करून बाजूला झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. संध्याकाळी सगळं वेल्डिंग उरकलं असतं, तर तो ताण गाडीत जन्मभरासाठी बसला असता.

दुसऱ्या दिवशी तोच कोपरा आपोआप २ मिलिमीटर वर आला. माती पाणी पिऊन फुगायला लागली होती. आता ती कधी किती उचलेल, कधी बसेल, सांगता येत नव्हतं. चॅनल कापलेली गाडी तिथून हलवताही येत नव्हती.

रात्री घरी जेवताना सुचलं. प्रश्न जमीन हलण्याचा नव्हता. चार घोड्या चार वेगवेगळ्या फरश्यांवर उभ्या होत्या आणि प्रत्येक फरशी आपापली हलत होती, हा प्रश्न होता. घोड्या एकमेकींना बांधल्या तर जमीन हलली तरी गाडी सगळीच्या सगळी हलेल, मुरगळणार नाही. लेव्हल बिघडेल, आकार बिघडणार नाही.

शंभर मिलिमीटरचा लोखंडी चॅनल कारखान्यात होता. मीटरला नऊ-साडेनऊ किलो. सव्वातीन मीटरचे दोन उभे, त्यांच्यामध्ये तीन आडवे, असं सुमारे शंभर किलोचं लोखंड आम्ही गाडीखाली तुकड्यातुकड्याने सरकवलं आणि तिथेच बोल्टने जोडून मग वेल्ड केलं. चौकटीखाली गावातल्या पाडलेल्या धाब्याच्या घराच्या चार तुळया आडव्या घातल्या, म्हणजे भार मातीवर पसरला. चौकटीच्या चारी कोपऱ्यांना स्क्रू जॅक. चौकटीवर खुंट उभे केले आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर वीस मिलिमीटरचा बोल्ट, नट फिरवून वर-खाली करता येईल असा. मग एकेक घोडी काढून तिचा भार त्या त्या खुंटावर घेतला. एका वेळी एकच, आणि दर वेळी दार लावून बघत. यात दोन दिवस गेले. चौकट लेव्हलला आणली, बोल्ट पाव-पाव वेढा फिरवत गेलो, आणि तिसऱ्या पहाटे फटीत वर, मध्ये, खाली पाचाचा दांडा पुन्हा अलगद सरकला. कर्णांतला फरक पूर्वीसारखाच २ मिलिमीटर. पुतण्याने शेडभोवती चर खणून पन्हाळीचं पाणी दूर काढून दिलं.

पुढच्या तीन आठवड्यांत पाऊस चार वेळा झाला. चौकटीचा एक कोपरा कधी मिलिमीटरभर खाली, कधी दीड वर. दाराची फट तसूभर हलली नाही.

वेल्डिंगबद्दल थोडंच सांगतो, कारण ते सोपं होतं. सीओटू वेल्डिंग मशीन, ०.८ मिलिमीटरची तार. सांधा सरळ उभा घेतला नाही, तिरका कापला, आणि आतून पत्र्याची बाही घातली. तळपत्र्याला जोडताना चॅनलच्या कडेला ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरली, मूळ कंपनीच्या स्पॉटच्या जागीच. एक टाका पुढे, एक मागे, एक मध्ये, आणि हाताचा तळवा ठेवता येईपर्यंत थांबायचं. तापलेलं लोखंड गार होताना आवळतं आणि सोबत पेटीला ओढतं. एकदा कर्ण १ मिलिमीटरने सरकला, तेव्हा टॉप लिंकची नळी अर्धा वेढा फिरवून थांबलो आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत मशीन सुरू केलं नाही. घाई करणाऱ्या पुतण्याला आबा म्हणाले, "पत्रा नवा शे, गाडी जुनी शे. तिले इचारी इचारी टाका मार."

चॅनलच्या पोटात झिंक प्रायमर आणि वर मेण सोडलं. तळाला निचऱ्याची भोकं मोकळी ठेवली. मागच्या वेळी ती अंडरकोटिंगने बुजवली गेली होती.

डाव्या चॅनलला सगळे मिळून एकतीस दिवस लागले होते. उजव्याला सहा. माप ठरलेलं, चौकट तयार, आणि कोणता टेकू कधी काढायचा हे हाताला माहीत झालेलं. टेकू काढतानाही आधी आतल्या लिंक एकेक सैल केल्या, प्रत्येकीनंतर दार लावून. मग गाडी चाकांवर उतरवली, चारी कोपरे दाबून पाट्या आणि स्प्रिंगा बसू दिल्या, आणि दांडा लावला. डाव्या पुढच्या दाराला वर पाच, मध्ये पाच, खाली जेमतेम पाच.

त्या दिवशी आईने वरण-बट्टी केली होती. आबा, पुतण्या, वर्कशॉपमधली तिन्ही पोरं पडवीत बसली. बापूंना आता नीट दिसत नाही. जेवण झाल्यावर त्यांनी शेडपर्यंत न्यायला सांगितलं. गाडीला अजून इंजिन नव्हतं, बाकं नव्हती. बापूंनी चाचपडत डावं पुढचं दार शोधलं, उघडलं, आणि एका बोटाने ढकललं. ते लागलं.

चौकट अजून शेडच्या भिंतीला टेकून उभी आहे. गेल्या महिन्यात पारोळ्याचे एक शिक्षक येऊन बघून गेले. त्यांच्याकडे अँबेसिडर आहे, तिचेही चॅनल गेलेत. अँबेसिडरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर पद्मिनीपेक्षा बारा सेंटिमीटरने जास्त, त्यामुळे मागचा आडवा चॅनल सरकता करावा लागेल. त्याला भोकं पाडायला घेतली आहेत. त्यांना मी एवढंच सांगितलं, गाडी आणायच्या आधी चारी दारं लावून बघा, आणि फटी लिहून आणा.